घोटावड्याचा मनोरा

गेटावर पहिला धोंडा आदळला तो जनार्दनला ऐकूच आला नाही. त्याच वेळी शेडमागच्या चाचणीच्या मनोऱ्यावरून ऐंशी किलोचं लोखंडी वजन खाली आलं होतं, दोर ताणला गेला होता आणि सगळा मनोरा पायापासून हादरला होता. वजनाला घातलेला हार्नेस, कमर-मांड्यांना आवळायचा बेल्ट, त्यानं हातात घेऊन पाहिला. शिवण शाबूत होती. एकही टाका सुटला नव्हता. दुसरा धोंडा शेडच्या पत्र्यावर बसला, आणि आतल्या शिलाई मशिनी एकेक करत गप्प झाल्या.

घोटावड्यातल्या त्या शेडमध्ये उंचावर जाणाऱ्यांसाठी सामान बनत असे. कडे चढणाऱ्यांचे हार्नेस, दोर, पिशव्या, आणि इमारतींच्या काचा पुसणाऱ्यांचे तसेच कमर-मांड्यांचे बेल्ट. बनलेली वस्तू तुटेपर्यंत ओढायची, आपटायची, कापायची, हे जनार्दनचं काम. तो मूळ चाळीसगावचा. पाटणादेवीच्या मागच्या कड्यावर कॉलेजात असतानाच त्यानं गुडघे फोडून घेतले होते, एकदा जबडाही. पुढं पुण्यात दुकानात स्लीपिंग बॅगा विकल्या, सोफेवाल्याच्या मशिनवर स्वतःचे बेल्ट शिवले, सुट्टी मिळाली की सह्याद्रीतले सुळके गाठले. अशाच एका सुळक्यावर त्याचा जोडीदार मनीष त्याच्या डोळ्यांदेखत पडला. बेल्टची शिवण उसवली होती. मनीषचं डोकं कातळावर आपटल्याचा आवाज जनार्दन कधी विसरला नाही. तेव्हापासून त्यानं दुसरा धंदा पाहिला नाही. केस पांढरे झाले, लग्न राहून गेलं, वस्तू मात्र तो तशाच निर्दयपणे तोडत राहिला.

आदल्या दिवशी माणमधल्या एका आयटी कंपनीच्या इमारतीवरून विश्राम पडला होता. विश्राम घोटावड्याच्याच वाडीवरचा. आधी याच शेडमध्ये मशिनवर होता. दोरीवर कसं उतरायचं, कसं लटकून काम करायचं, हे जनार्दननंच त्याला मागच्या मनोऱ्यावर शिकवलं. मग जास्त पगार मिळतो म्हणून तो शेखरकडं गेला. शेखर माणचा. जमीन विकून त्यानं काचा पुसायची कंत्राटं घेतली होती. विश्रामच्या कमरेचा बेल्ट तुटला, आणि त्या बेल्टवर या शेडचं लेबल होतं.

सकाळी जनार्दन स्मशानात गेला होता. विश्रामचा बाप भिवाजी त्याच्याकडं पाहून तोंड फिरवून उभा राहिला. मालक पियूषनं फोनवर सांगितलं होतं, "शेड बंद ठेवा, मी वकिलाला भेटून येतो." जनार्दननं शेड बंद ठेवली नाही. त्याला बसवेना. विश्रामचा बेल्ट ज्या मालातला होता, त्याच मालातले उरलेले बेल्ट काढून तो मनोऱ्यावरून आपटत होता. एक तरी तुटावा, म्हणजे काय चुकलं ते कळेल, असं त्याला वाटत होतं. एकही तुटत नव्हता.

"सर, मागच्या दारानं निघा," आशालता धावत आली. ती शिलाईवरच्या बायकांची प्रमुख. "पन्नासएक माणसं आहेत. शेखर पुढं आहे."

"बायकांना घेऊन तू जा," जनार्दन म्हणाला.

"आणि तुम्ही?"

"मी बोलतो त्यांच्याशी."

बोलायला कोणी आलंच नव्हतं. गेट आडवं पडलं आणि माणसं शेडमध्ये घुसली. कोयत्यानं पट्ट्यांची रिळं तोडली, मशिनी उलथल्या, खिडकीच्या काचा दांडक्यांनी खाली आणल्या. आशालतानं बायकांना मागच्या भिंतीकडं ढकललं आणि स्वतः त्यांच्यापुढं कात्री घेऊन उभी राहिली. जनार्दन हात वर करून पुढं झाला. कोणीतरी मागून त्याच्या गुडघ्यात लाथ घातली. तो पडला. पडल्यावर मग मोजदाद राहिली नाही. बूट, चपला, दांडकी. उजवा हात मशिनच्या लोखंडी पायाशी होता, त्यावर एकजण दोन्ही पायांनी उभा राहिला आणि दोन बोटं मोडल्याचं जनार्दनला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर.

"थांबा!" शेखर ओरडला. "मरू देऊ नका त्याला. आधी हे बघू दे."

शेखरच्या हातात तुटलेला बेल्ट होता. पोलीस पंचनाम्याला यायच्या आधीच त्यानं तो विश्रामच्या कमरेवरून काढून घेतला होता, हे पुढं उघड झालं. त्यानं तो जनार्दनच्या तोंडावर फेकला. "वाच लेबल. कुणाचं हाय?"

जनार्दननं डाव्या हातानं बेल्ट उचलला. लेबल त्यांचंच होतं. पण तो लेबलाकडं पाहत नव्हता. तुटलेल्या जागी पट्टी पिवळी पडली होती. अंगठा फिरवला तर धागे पिठासारखे भुरभुरले. त्यानं तो नाकाशी नेला.

"हे अ‍ॅसिड आहे," तो म्हणाला. "नायलॉनवर अ‍ॅसिड सांडलंय. एकदा नाही, पुष्कळदा. हा बेल्ट आतून जळून..."

शेखरच्या मुठीत बाकावरचा कॅराबिनर, दोर अडकवायची पोलादी कडी, होता. ती मूठ जनार्दनच्या तोंडावर बसली. पुढचा दात तुटून जिभेवर आला. दुसरा ठोसा कानावर.

"आमचा मानूस मेला आन् हा कारनं सांगतोय!" शेखर गर्दीकडं वळला. "दोरीवर लटकायला यानंच शिकवलं विश्रामला. यानंच भरवसा दिला. दिला का न्हाई?"

"दिला!" गर्दी ओरडली.

"मग घाल म्हनावं आता सोताच," मागून कोणीतरी म्हणालं. "घाल तुझा बेल्ट, आन् मार वरनं उडी!"

हसू फुटलं. पण ते हसू लगेच विझलं आणि सगळ्यांची नजर मागच्या दारातून दिसणाऱ्या मनोऱ्याकडं गेली. शेखरनंही पाहिलं. मघापासून तो या म्हाताऱ्याचं तोंड बंद कसं करायचं याच्याच विचारात असावा.

"चला," तो म्हणाला.

त्यांनी जनार्दनला पायांना धरून फरफटत नेलं. मनोरा तीन मजले उंच, चार लोखंडी पायांचा, एका बाजूला शिडी आणि वर माणसं उभी राहतील एवढा फळ्यांचा मंच. मंचाच्या पुढं तुळई आली होती, तिच्या कप्पीवरून चाचणीचा दोर आलेला, त्याचं दुसरं टोक खाली मनोऱ्याच्या पायाला बांधलेलं. खाली सिमेंटचा कोबा. शिडीवरून त्याला ढकलत, ओढत वर चढवलं. शेखर, त्याची दोन माणसं, आणि त्यांच्यामागं भिवाजी. म्हातारा आपण होऊन वर आला होता.

एका माणसानं मघाशी आपटलेलाच हार्नेस आणला. जनार्दननं तो स्वतः घातला, पट्टे स्वतः ओढले. शेखरचा माणूस दोराचं टोक घेऊन पुढं आला.

"गाठ मी मारणार," जनार्दन म्हणाला. तोंडातून रक्त येत होतं, शब्द नीट उमटत नव्हते.

"तुझ्या मर्जीनं काय मरतोस?" शेखर म्हणाला.

"मारू दे त्याला गाठ," भिवाजी मागून म्हणाला. त्या दिवसात तो पहिल्यांदा बोलला होता. "माझ्या पोरानं बी यानं शिकिवलेलीच गाठ मारली असंल."

उजवा हात कामाचा नव्हता. डाव्या हातानं आठाचा वेढा घेतला, टोक दातांत धरलं, मोडक्या दाताच्या खळगीत दोराचा धागा टोचला तशी डोळ्यांपुढं अंधारी आली. पण गाठ बसली. त्यानं वर कप्पीतला दोर पाहिला, तुळई पाहिली, खालचा कोबा पाहिला. आयुष्यभर तो पडत आला होता आणि प्रत्येक वेळी पडण्याआधी त्यानं हेच पाहिलं होतं. फरक एवढाच, की आज पाठीवर दुसऱ्याचे हात होते.

शेखरनं लाथ घातली.

तो हवेत सुटला. मग कमरेला असा हिसका बसला की श्वासच तुटला. दोर ताणला, तो झोक्यासारखा आत फेकला गेला आणि मनोऱ्याच्या लोखंडी पायावर कुशीनं आदळला. बरगड्या गेल्याचं त्याला कळलं. परत बाहेर, परत आत. मग तो फिरत राहिला, कोब्यापासून पुरुषभर उंचीवर, रक्ताचे थेंब गोल गोल सांडत.

हार्नेस जसाच्या तसा होता.

तेव्हा विश्रामची बायको गौतमी पुढं आली. आतापर्यंत ती गेटापाशीच उभी होती. शेडमध्ये पडलेला तुटका बेल्ट तिनं हातात घेतला होता, आणि जनार्दननं घेतला होता तसाच ती त्याचा वास घेत होती.

"मामा," तिनं वर पाहून सासऱ्याला हाक मारली. "ह्यांच्या शर्टाला असाच वास येत व्हता. शर्टाला भोकं पडत व्हती. मी इचारलं तर म्हनले, काचेवरचं शिमिट निघत न्हाई म्हनून शेखरभाऊ अ‍ॅसिड देतो. हाताची कातडी जात व्हती त्यांच्या. रोज खोबरेल लावून देत व्हते मी."

"ए बाई, गप बस," शेखर वरून म्हणाला.

भिवाजी त्याच्याकडं वळला. "तू दिलंस अ‍ॅसिड?"

"आबा, समदेच देत्यात. बेल्टला काय व्हतंय त्यानं?"

"दिलंस का न्हाई?"

शेखरनं म्हाताऱ्याला थप्पड मारली. कदाचित त्यानं विचार केला नसावा. दिवसभर तो मारतच आला होता. भिवाजीची टोपी मंचावरून घरंगळत खाली कोब्यावर पडली, गौतमीच्या पायाशी.

मग जे झालं ते शेखरला आवरता आलं नाही. त्यानंच तापवून आणलेली गर्दी शिडीवर चढली. त्याची दोन माणसं मनोऱ्याच्या पायावरून घसरत उतरली आणि पळाली. शेखरला मंचावर पाडलं. त्याच्याच कामावरचा एक माणूस गेटाबाहेर उभ्या पिकअपकडं धावला आणि मागच्या पेटीतून एक बेल्ट घेऊन आला. "हा घाला त्याला!" तो ओरडत होता. "आमी रोज घालतोय तो! बघू दे त्यालाबी!" बेल्ट हातोहात वर गेला. पट्टी पिवळी होती. ती खालूनही दिसत होती.

आशालतानं कप्पीचा दोर सोडून जनार्दनला खाली घेतलं होतं. तिनं गाठ सोडली तसा दोर वर ओढला गेला, आणि त्याचं खालचं टोक कोणीतरी परत पायाला बांधलं.

"सर, हलू नका. मी पोलिसांना फोन केलाय. पौडहून येतायत."

"तोवर हा मरेल."

"मरू दे की!" आशालता म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज मात्र कोरडा होता. "तुम्हाला लाथ घातली त्यानं. मरू दे."

जनार्दननं वर पाहिलं. शेखर किंचाळत होता, त्याच्या पायांतून पिवळा पट्टा चढवत होते. आणि जनार्दनला ते बरं वाटलं. खोटं कशाला, त्याला ते अगदी बरं वाटलं. तोंडात रक्ताची चव होती, आणि तो माणूस कोब्यावर कसा आदळेल हे त्याला बसल्या जागी दिसत होतं. मग त्याला आवाज ऐकू आला, मनीषच्या डोक्याचा. तोच आवाज होईल. अगदी तोच.

मनोऱ्याच्या पायाशी पडलेल्या चाचणीच्या सामानातली एक स्लिंग, रुंद पट्टीचा वेढा, आणि कॅराबिनर त्यानं गळ्यात अडकवला. शिडी माणसांनी भरली होती. तो बाहेरच्या बाजूनं मनोऱ्याच्या पायावरून चढू लागला.

वेल्डिंगच्या कडा, आडव्या सळ्या, नटबोल्ट. चांगला हात एकच. तो वर टाकायचा, उजवं कोपर सळईमागं अडकवायचं, पाय उचलायचे. प्रत्येक वेळी बरगडी फुप्फुसात शिरल्यासारखी वाटे आणि तो तिथंच ओरडे. खालून कोणीतरी धोंडा मारला, तो खांद्याला लागला. तो थांबला नाही. कड्यावर एवढी सोपी जागा त्यानं झोपेत चढली असती. आज तीन मजले म्हणजे सगळं आयुष्य चढून जाण्यासारखं झालं होतं. शेवटी मंचाच्या फळीवर कोपर टेकलं आणि तो पोटावर आत आला.

शेखर गुडघ्यांवर होता. दोन्ही डोळे सुजलेले. दोराच्या टोकाचा फास त्याच्या बेल्टला अडकवून झाला होता. जनार्दननं सरपटत जाऊन स्लिंग त्याच्या काखांखालून छातीभोवती घेतली आणि कॅराबिनर त्याच फासात अडकवला. एवढं व्हायला एक श्वास लागला असेल. भिवाजीनं त्याचा हात धरला.

"काय करतुयास?"

"आबा, बेल्ट तुटणार. मला माहीत आहे. हे राहू द्या."

"माझ्या पोराला न्हवतं असलं काय छातीला."

"नव्हतं."

"मग याला का?"

"इथं आम्ही वस्तू मोडतो आबा," तो म्हणाला. "माणसं नाही."

भिवाजी त्याच्याकडं बघत राहिला. त्याच्या गालावर शेखरच्या बोटांचे वळ उठले होते. त्यानं जनार्दनचा हात सोडला. कॅराबिनर काढला नाही. मग तो वळला आणि दोन्ही हातांनी, पोतं ढकलावं तसं, त्यानं शेखरला मंचावरून ढकललं.

दोर ताणला त्या क्षणी जुनं लुगडं फाटावं तसा आवाज झाला. पिवळा बेल्ट कमरेशी फाटला आणि मांड्यांवरून गळून पडला. शेखर खाली सुटला, हातभर, आणि स्लिंगनं त्याला काखांत पकडलं. खांदा निखळला. हात मागं विचित्र वळला. तो ज्या आवाजात ओरडला तो आवाज माणसाचा वाटला नाही. पण ओरडत होता, म्हणजे जिवंत होता.

खाली कोब्यावर फाटका बेल्ट पडला होता. विश्रामचा गौतमीच्या हातात होता. दोन्ही एकाच जागी तुटले होते.

पोलीस आले तेव्हा निम्मी गर्दी शेतांतून पांगली होती. शेखर तसाच लोंबकळत होता आणि त्याला खाली घ्यायला आशालता कप्पीशी एकटीच झटत होती. जनार्दन मंचावर निपचित पडला होता.

दवाखान्यात त्याच्या चार बरगड्या मोडल्याचं निघालं. बोटांत तारा घातल्या. पियूष फळं घेऊन आला आणि दार लावून म्हणाला, "जबाबात थोडं जपून. शेखरला वरून कोणी ढकललं, ते तुम्हाला दिसलं नाही, बस. लोक आपल्या बाजूला आलेत. म्हाताऱ्याला अडकवलं तर परत शेड फोडतील."

"आणि शेखरचा वकील विचारेल तेव्हा?"

"नाही दिसलं म्हणायचं."

"एक खोटं सापडलं की अ‍ॅसिडचंही खोटं ठरेल," जनार्दन म्हणाला. पियूष निघून गेला.

जनार्दननं सगळं सांगितलं. शेखरचं, त्याच्या माणसांचं, बोटांवर उभा राहिला त्याचं. आणि शेवटी भिवाजीचंही. ते सांगताना जबाब घेणाऱ्या हवालदारानंच दोनदा विचारलं, "नक्की ना?"

भिवाजीला उचललं त्या दिवशी गौतमी दवाखान्यात आली. खाटेजवळ आली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली, टाके पडले होते त्याच बाजूला. नर्स धावली. गौतमी दारापर्यंत गेली, परत वळली आणि म्हणाली, "एक तर मेलाच. दुसऱ्याला बी धाडलासा आत." ओठाचे टाके उसवून रक्त आलं होतं. जनार्दननं ते पुसलं नाही.

शेखरवरचा गुन्हा टिकला. त्याच्या पिकअपमधले बाकीचे बेल्ट तपासले तेव्हा एकही धड निघाला नाही. त्याच्या वकिलानं जनार्दनला खोटा ठरवायचा बराच प्रयत्न केला, पण ज्या माणसानं विश्रामच्या बापालाही सोडलं नाही त्याला विकला गेलेला साक्षीदार म्हणता येईना. भिवाजीला जामीन मिळाला.

बाहेर फिरता येऊ लागल्यावर जनार्दन वाडीवर गेला. भिवाजी अंगणात कुऱ्हाडीनं लाकडं फोडत होता. जनार्दनला पाहून त्यानं हात थांबवला नाही. जनार्दन उंबऱ्याशी दगडावर बसला. गौतमी आतून आली, त्याच्यापुढं चहाची कपबशी आदळली आणि आत गेली.

भिवाजी म्हणाला, "मी ढकललं ते खरं हाय. मी बी सायबाला तेच सांगितलं."

"मला कळलं आबा."

"तू ते छातीला लावलंस म्हनून मी खुनी झालो न्हाई. हे बी खरं हाय." त्यानं ओंडका फिरवून ठेवला. "पर रातीला झोपलो की वाटतं, काडायला पायजे व्हतं ते. हातात व्हतं माझ्या. का न्हाई काडलं, मलाच कळंना."

जनार्दननं कपबशी जवळ ओढली.

"विश्राम लई बोलायचा तुझं. मास्तर असं म्हनला, मास्तर तसं म्हनला." भिवाजीनं कुऱ्हाड उचलली आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ पाहिलं. "च्या पिऊन घे. आन् परत हितं येऊ नगंस. तुला बगितलं की मला तो मनोरा दिसतुया."

जनार्दननं डाव्या हातानं कपबशी उचलून चहा संपवला. "येतो" म्हणायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, ते त्यानं गिळलं. तो उठून पायवाटेला लागला. मागं कुऱ्हाडीचे घाव चालू झाले, एकावर एक, लाकूड केव्हाच फुटलं असेल तरी थांबत नव्हते.